अण्णांची नळी आणि माझी वही

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत दिवाणजी आहे. पोत्यांचं वजन, हमाली, तोलाई, पट्ट्या हे सगळं दिवसभर वहीत उतरवत बसायचं. त्यामुळं अण्णांना लकवा मारला आणि नाकातनं नळी घालून घरी आणलं, तेव्हा मी आधी काय केलं असेल तर दोनशे पानी वही आणून रकाने आखले. वेळ, काय दिलं, किती मिली, वर पाणी किती, शेरा. शेऱ्याचा रकाना पहिले दोन दिवस कोरा होता. पुढं तोच सगळ्यात जास्त भरला.

सांगलीतल्या माणसाला मोठं दुखणं आलं की गाडी मिरजेच्या रस्त्याला लागते, तशी आमचीही लागली. तिसऱ्या दिवशी चमचाभर पाणी पाजून बघितलं तर जोराचा ठसका, आणि नंतर घशात पाणी खळखळल्यासारखा आवाज. गिळता येत नाही म्हणजे नळी. सिस्टरनं नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथनं छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी मोजली, शिंपी बाही मोजतो तशी. नाकपुडीशी काळी खूण केली. मग एक्स-रे. "आत गेली की, मग फोटो कशाला?" मी विचारलं. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "काका, ती पोटाऐवजी फुप्फुसातही जाते. आणि लकव्याच्या माणसाला कधी कधी खोकलासुद्धा येत नाही."

हे वाक्य मी ऐकलं होतं. तरी दहा दिवसांनी चुकलो.

घरी आल्यावर दर दोन तासांनी 200 मिली. मुगाचं कढण, भाताची पेज, ताक, नाचणीचं सत्त्व, दूध. सगळं मिक्सरला लावून दोनदा मलमलीतनं गाळायचं आणि 50 मिलीच्या सिरिंजनं धारेधारेनं सोडायचं. दट्ट्या दाबायचा नाही, सिरिंज उंच धरायची, आपोआप उतरू द्यायचं. आधी आणि नंतर 30 मिली पाणी. पाठ 30 ते 45 अंशांत उचललेली हवी, आणि नंतरही तासभर तशीच. मी खाटेला टेकू लावला आणि नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून 40 अंश मोजले. आमची सौ. हसली. हसू दे.

एका रात्री अडीचला अण्णांनी झोपेत नळी ओढली. काळी खूण नाकापासनं चांगली वीतभर बाहेर. ओळखीतल्या एकाला फोन केला, तो दवाखान्यात काम केलेला. बिचारा लगेच आला. नळी परत आत सरकवली, सिरिंजनं हवा मारली, पोटावर स्टेथोस्कोप लावून म्हणाला, "आला की आवाज. द्या बिनधास्त." सकाळी सहाला मी 200 मिली पेज दिली. वहीत शेरा आहे, "थोडा खोकला". संध्याकाळी ताप, ऑक्सिजन 86. परत मिरज, न्यूमोनिया, आठ दिवस.

त्या माणसाला मी दोष देत नाही, तो मध्यरात्री उठून आला होता. दोष त्या गुरगुर आवाजावरच्या विश्वासाचा. नळी अन्ननलिकेत अर्धवट असली, अगदी फुप्फुसात असली तरी पोटावर तसला आवाज ऐकू येऊ शकतो. खात्रीचा एक्स-रे. किंवा सिरिंजनं नळीतनं आतला रस ओढून पट्टीवर त्याची आंबटता बघायची, पीएच 5.5 किंवा त्याखाली असेल तर पोटातलं. ॲसिडिटीची गोळी चालू असली की तिथंही घोळ होतो, मग एक्स-रेच. खूण हलली असेल तर खात्री होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. हे डिस्चार्जच्या कागदावर नव्हतं. कागदावर होतं, "आरटी फीड 200 मिली 2 तासांनी". आरटी म्हणजे नाकातली नळी.

आणखी एक. मला वाटायचं, नळी आहे म्हणजे ठसक्याचा धोका मिटला. तसं नसतं. स्वतःची लाळ माणूस गिळतोच, ती छातीत उतरते. पोटातलं वर येतं, तेही उतरतं. तोंडातली घाण त्यातनंच जाते, म्हणून तोंडानं काही न खाणाऱ्या माणसाचे दात जास्त घासायचे. हे कळायला आम्हाला दुसरा ॲडमिट लागला.

पाचव्या आठवड्यात पेगचा विषय निघाला. पोटाला बाहेरून भोक पाडून थेट जठरात नळी. ही पद्धत पहिल्यांदा 1979 साली अमेरिकेत क्लीव्हलँडला केली, तीही एका तान्ह्या बाळावर. घरात सभा भरली. अक्का म्हणाली, "या वयात पोटाला भोक?" धाकटा म्हणाला, "मग पहिल्याच दिवशी का नाही पाडलं? एवढा त्रास तरी वाचला असता." त्याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं, आणि आकड्यांचा माणूस म्हणून मला ते पटलं. 2005 साली लान्सेट या डॉक्टरी मासिकात लकव्याच्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला होता. त्यात 321 जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून काहींना सुरुवातीलाच पेग, काहींना नाकातली नळी दिली. पेगवाल्यांत मृत्यू किंवा फार परावलंबी अवस्था शंभरामागे साधारण आठनं जास्त निघाली. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे नाकातलीच, कारण पुष्कळांचं गिळणं तेवढ्यात परत येतं. महिन्याच्या वर लागणार असं दिसलं की मग पेगचा विचार.

पेग घालायला एक जेवण उरकावं एवढाही वेळ लागला नाही. खरी कामं नंतर. पाचव्या दिवशी भोकाभोवती लाल झालं, पू आला. गल्लीतल्या तिघांनी हळद लावायला सांगितली. हळदीवर माझं पोट चालतं, सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळाला तेव्हा मी पेढे वाटलेत, पण त्या भोकात मी हळद जाऊ दिली नाही. अँटिबायोटिकनं बरं झालं. बाहेरची चकती फार आवळली तर आतली चकती जठराच्या भिंतीत रुतते, म्हणून जागा भरल्यावर नळी आठवड्यातनं एकदा किंचित आत सारून फिरवायची. पहिल्या काही आठवड्यांत नळी निघाली तर हात लावायचा नाही, थेट दवाखाना. वाट तयार झाल्यावर निघाली तर भोक काही तासांतच बुजायला लागतं, तेव्हाही घाईच. हे मी ठळक अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवलं. नळी तुंबून बंद पडली दोनदा, दोन्ही वेळा माझ्यामुळं. एकदा घट्ट नाचणी, एकदा कुटायची नसते अशी आवरणाची गोळी कुटली.

मधल्या काळात हरिपूरच्या आत्याचा मुलगा माझ्याकडं आला. आत्याला सहा वर्षांचा विसराळूपणा, आता माणसं ओळखत नव्हती, घास तोंडात धरून बसायची. "तुला नळीतलं सगळं कळतंय, आईला घालूया का?" माझ्या वहीवर त्याचा भलताच विश्वास. मी त्याला आमच्याच डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, लकवा वेगळा, हे वेगळं. या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, न्यूमोनिया टळत नाही, उलट ओढू नये म्हणून हात बांधावे लागतात आणि पाठीला जखमा होतात. चमच्यानं, खाईल तेवढं, सावकाश भरवा. भावकीत बोलणी खाल्ली त्यानं, "आईला उपाशी मारतोय" इथपर्यंत. आत्या पुढं चार महिने जगली. मी गेलो तेव्हा सून पाऊण तास धरून अर्धी वाटी खीर भरवत होती, आणि आत्या प्रत्येक चमच्याला तिचं मनगट पकडत होती. माझ्या 200 मिलीला सात मिनिटं लागतात.

अण्णांसाठी गिळण्याचे व्यायाम शिकवणारी ताई आठवड्यातनं एकदा यायची. मान खाली घालून गिळायचं, जोर लावून गिळायचं, काय काय. पाचव्या महिन्यात तिनं घट्ट दह्याचा अर्धा चमचा जिभेवर ठेवला. आम्ही सगळे गळ्याकडं बघत. कंठ वर गेला, खाली आला. ठसका नाही. अण्णांनी तोंड वाकडं केलं.

"आंबट हाय."

नळी अजून आहे, औषधं आणि पाणी तिच्यातनंच जातं. कधी काढायची ते ठरलेलं नाही. वहीत मात्र जागा उरली नव्हती. पट्टी घेऊन समासातच नवा रकाना आखला, वर लिहिलं "तोंडाने", आणि खाली पहिली नोंद केली : दही, अर्धा चमचा, दु. 4.10.