आरिआकेच्या कोर्टांवर एक दुपार

बारा दिवसांच्या जपान प्रवासात फुजी पर्वत ढगांआड राहिला, आणि क्योतोच्या फुशिमी इनारी देवस्थानातील लाल तोरणांखालून चालताना पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे फारसे काही दिसले नाही. क्योतो हे जपानी टेनिसपटू किमिको दातेचे जन्मगाव. तिथे टेनिसशी संबंधित काही पाहता येईल का, असे मी सहलीच्या मार्गदर्शकाला विचारले, तेव्हा त्याने घड्याळाकडे पाहून आम्हा सर्वांना बसमध्ये बसवले. ते मला लागले. शेवटचे दोन दिवस गटापासून वेगळे होऊन मी तोक्योतील निशी-कासाई भागात राहणाऱ्या भाच्याकडे मुक्काम केला आणि तिथल्या आरिआके टेनिस संकुलाला न्यायचे त्याच्याकडून कबूल करून घेतले.

दाते हे आडनाव आपल्याकडे इतके ओळखीचे आहे की, १९९४ साली ते ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत छापून आले तेव्हा माझ्या वडिलांनी ती बातमी दोनदा वाचली होती. ही मुलगी मूळची डावखुरी असून उजव्या हाताने खेळते, आणि चेंडू टप्पा घेऊन वर येत असतानाच तो सपाट फटक्याने परतवते, हे मला त्यांनीच टीव्हीसमोर बसवून दाखवले. जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत पोहोचलेली ती पहिली जपानी महिला. पुढच्या वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी आणि नोव्हेंबरमध्ये जगात चौथा क्रमांक, असा तिचा चढता आलेख आमच्या घरात आप्तांच्या बातमीसारखा वाचला जाई.

तोयोसू स्थानकावरून आरिआके जवळ पडते, पण भाच्याने मुद्दाम शिम्बाशीहून युरिकामोमे गाडी धरली. ही गाडी चालकाविना धावते आणि इंद्रधनुष्य पुलावर चढताना मोठा वळसा घेऊन खाडीवर येते. डब्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. क्योतोच्या गर्दीनंतर ती शांतता मला फार सुखाची वाटली. ‘आरिआके-टेनिस-नो-मोरी’, म्हणजे ‘आरिआके टेनिसवन’, या स्थानकावर आम्ही उतरलो.

“मावशी, आज सामना नाही. आत सोडणार नाहीत,” भाच्याने पुन्हा बजावले. ते खरेच होते. सरकत्या छपराचे ते दहा हजार प्रेक्षकांचे स्टेडियम बंद होते. फाटकावरच्या पहारेकऱ्याने वाकून नमस्कार करून आम्हाला नकार दिला, आणि त्या नकारातही इतके अगत्य होते की वाईट वाटले नाही. मी बाहेरूनच स्टेडियमला पूर्ण फेरी घातली.

याच भिंतींच्या आत एप्रिल १९९६ मध्ये, फेड चषकाच्या, म्हणजे महिलांच्या देशोदेशींच्या सांघिक स्पर्धेच्या लढतीत, दातेने स्टेफी ग्राफला ७-६, ३-६, १२-१० असे हरवले होते. त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत त्या दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. पहिला सेट ६-२ ने गमावलेल्या दातेने दुसरा त्याच फरकाने जिंकला, आणि अंधार पडल्यामुळे सामना थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी ग्राफने तिसरा सेट ६-३ ने घेतला. त्या सामन्याची आठवण निघाली की लोक आजही गॅलरीतून एका प्रेक्षकाने ग्राफला घातलेली लग्नाची मागणी सांगतात, आणि पलीकडे कोण उभी होती हे विसरतात. याचा मला आजही राग येतो. त्याच मोसमाअखेर, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, सततच्या फिरतीला आणि दडपणाला कंटाळलेल्या दातेने खेळ सोडला.

मार्च २००८ मध्ये याच स्टेडियमवर ग्राफ आणि नवरातिलोवा यांच्यासह प्रदर्शनीय सामने खेळल्यानंतर, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तिने पुन्हा व्यावसायिक स्पर्धांत उतरण्याचे ठरवले. आपल्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिने सोलची स्पर्धा जिंकली. २०११ मध्ये विम्बल्डनला व्हीनस विल्यम्सला तिने तिसऱ्या सेटमध्ये ८-६ पर्यंत झुंजवले.

आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ती पुण्यात आली. बालेवाडीच्या त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बेचाळीस वर्षांच्या दातेसमोर अठरा वर्षांची एलिना स्वितोलिना होती. मी प्रेक्षकांत होते. दिवाळी तोंडावर आली होती, घरी फराळाचे राहिले होते, पहिला सेट दातेने २-६ असा गमावला आणि मी उठून गेले. दुसरा सेट तिने ३-६ गमावला, हे मला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले. दोन महिन्यांनी तिने मेलबर्नला नादिया पेत्रोव्हाला ६-२, ६-० असे हरवले, तेव्हा आनंदाबरोबर माझ्या मनाला एक टोचणीही लागली. या प्रवासात आरिआकेचा हट्ट मी का धरला होता, हे भाच्याला मी त्या भिंतीपाशी प्रथमच सांगितले.

बाजूच्या कोर्टांवर, वाळू पसरलेल्या कृत्रिम हिरवळीवर, चार स्त्रिया दुहेरी खेळत होत्या. त्यांतील सर्वांत वयस्कर, सत्तरीच्या आसपासची, पाणी प्यायला कुंपणाच्या जाळीपाशी आली, तेव्हा मी केवळ “दाते किमिको” एवढेच म्हटले. तिने बाटली खाली ठेवली, रॅकेट फारशी मागे न नेता हवेतच एक आखूड फटका मारून दाखवला आणि म्हणाली, “राइजिंगु.” म्हणजे ‘रायझिंग’, वर येणाऱ्या चेंडूवरचा फटका. भाच्याच्या मदतीने मग बोलणे पुढे गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये दाते याच आरिआकेत शेवटचा सामना ०-६, ०-६ असा हरली, त्या वेळी ही स्त्री प्रेक्षकांत हजर होती. तुम्हाला वाईट नाही का वाटले, असे मी विचारायला लावले. ती म्हणाली की गुणफलकाकडे आपले लक्षच नव्हते. गुडघ्यावरच्या शस्त्रक्रियांनंतरही दाते चेंडू पूर्वीच्याच वेळी, वर येतानाच, मारू पाहत होती, आणि ते पाहायला ती शेवटच्या गुणापर्यंत बसली होती.

मी काही बोलले नाही. बालेवाडीचे मला तिला सांगायचे होते, पण भाच्यामार्फत ते सांगण्याचे धैर्य झाले नाही.

तास संपला तेव्हा त्या चौघींनी रुंद ब्रश ओढत कोर्टावरची वाळू एका कडेपासून सारखी करायला घेतली. भाचा गाडीची वेळ सांगत होता. पुढची गाडी घेऊ, असे मी त्याला म्हटले, आणि त्या स्त्रीने शेवटचा पट्टा ओढून ब्रश भिंतीला टांगेपर्यंत जाळीपाशी उभी राहिले.