तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटर ऑनलाइन घेऊ की दुकानातून?

कुणी ना कुणी मला हे विचारतंच, "कॉम्प्युटर घ्यायचाय, ऑनलाइन मागवू का दुकानातून घेऊ?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

लॅपटॉप असेल तर ऑनलाइन बिनधास्त घ्या. डेस्कटॉप असेंबल करून हवा असेल तर दुकानातून, आणि तेही असं दुकान जिथे जोडणारा माणूस तुमच्यासमोर बसून जोडतो.

लॅपटॉप कंपनीतूनच जोडून येतो, वॉरंटी कंपनीची, बिघडला तर कुठूनही घेतलेला असो जायचं सर्व्हिस सेंटरलाच. डेस्कटॉप म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड (ज्यावर बाकीचे पार्ट बसतात तो मुख्य बोर्ड), रॅम, एसएसडी (फाइल्स साठवायची डिस्क), एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, आणि प्रत्येकाची वॉरंटी वेगळी. सगळं एकत्र जोडलं आणि चालू झालं नाही तर नक्की कुठला पार्ट गेलाय हे शोधणार कोण?

मी एकदा थोडे पैसे वाचतात म्हणून सगळे पार्ट वेगवेगळ्या सेलरकडून मागवले होते. मदरबोर्ड सगळ्यात आधी आला आणि बाकीच्यांची वाट बघत तसाच बॉक्समध्ये पडून राहिला. शेवटी सगळं जोडून बटण दाबलं तर पंखे फिरतायत, लाइट लागलाय, पण डिस्प्लेच नाही. दोन दिवस नुसतं रॅम काढ, परत लाव, एकच स्टिक लाव, दुसऱ्या स्लॉटमध्ये लाव. घरात दुसरी रॅम नाही, दुसरा बोर्ड नाही, मग कशाशी ताडून बघणार? शेवटी एका दुकानदाराकडे नेलं. त्यांनी ड्रॉवरमधून स्वतःची रॅम काढून लावली, तरी डिस्प्ले नाही, मग प्रोसेसर काढला आणि मोबाइलच्या टॉर्चने सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेत, तिरकं बघितलं. केसासारख्या बारीक पिना, त्यातल्या दोन वाकलेल्या. बोर्ड आला तेव्हाच तशा होत्या की माझ्या हातून वाकल्या हे मला आजही सांगता येणार नाही. सेलरने हात वर केले, आणि रिटर्नची मुदत तर बोर्ड बॉक्समध्ये होता तेव्हाच संपलेली. दुकानात तुमच्यासमोर बॉक्स उघडला आणि पिन वाकडी निघाली तर ती जबाबदारी दुकानदाराची, तो तिथल्या तिथे दुसरा बोर्ड काढतो. जास्तीचे पैसे जातात ते या गोष्टीचे, आणि माझ्या मते ते द्यावेत. दुसरं म्हणजे कधीकधी नवीन प्रोसेसरला बोर्डाचं बायोस, म्हणजे त्याच्यातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं, ते काम दुकानात बसल्या बसल्या होतं.

म्हणून दुकानात सगळंच चांगलं असं नाही हं. माझ्या मावसबहिणीने नवा म्हणून लॅपटॉप आणला, सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी चार महिने आधीच सुरू झालेली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडी कित्येक तास चाललेली दिसली. म्हणजे डिस्प्लेला ठेवलेला पीस. या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बघा, कुठूनही घ्या. ऑनलाइन आलं तर बॉक्स उघडतानाचा सलग व्हिडिओही काढा. (512 जीबीची एसएसडी विंडोजमध्ये 476 दिसते, त्याला घाबरू नका, तो मोजणीचा फरक आहे.)

आणि लॅपटॉप घेताना नुसतं "आय5, 16 जीबी", म्हणजे प्रोसेसर आणि रॅम, एवढंच ऐकून हो म्हणू नका. पूर्ण मॉडेल कोड घ्या, कारण एकाच नावाखाली वेगवेगळे स्क्रीन असतात, एक 250 निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचं माप) फिकट 45 टक्के एनटीएससीवाला आणि दुसरा 100 टक्के एसआरजीबी (ही दोन्ही स्क्रीन किती रंग दाखवतो त्याची मापं), शेजारी ठेवले की कुणालाही फरक कळतो. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडून टाकलेली, आहे का तेही बघा, कारण तसं असेल आणि रिकामा स्लॉट नसेल तर पुढे कधीच वाढवता येणार नाही. कीबोर्डला मात्र हात लावून बघायला दुकानात जाच, फोटोवरून ते कळत नाही.

डेस्कटॉप दुकानातून घेतलात तर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, तिथल्या तिथे, बॉक्सशी जुळवून. नुसतं "कॉम्प्युटर सेट 1 नग" असं लिहिलेल्या बिलावर दोन वर्षांनी एसएमपीएस बदलून मागायला गेलात तर हा आमच्याकडचाच कशावरून, हे विचारणार.