अथेन्स विमानतळ ते पिरेयस बंदर: सोडलेल्या गाडीची गोष्ट

बडोद्याच्या आमच्या एजंटने स्पायरल बाइंडिंग केलेली जाडजूड फाईल दिली होती. तिच्यातल्या एका ओळीपायी आम्ही नवरा-बायको अथेन्सच्या विमानतळावर अर्ध्या तासाहून जास्त ताटकळलो. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

आम्हाला क्रीट या ग्रीक बेटावर जायचे होते. तिथल्या हेराक्लिऑन शहराची बोट पिरेयसहून रात्री 9 ला आणि आमचे विमान दुपारी उतरणार, म्हणजे वेळ भरपूर. तरी एजंटचे एकच टुमणे, "काका, टेक्सी लई लो ने." वर, भाडे ठरलेले असते म्हणे. ते खरे, पण शहराच्या मध्यभागापुरते. पिरेयसला मीटरने जावे लागते. मी हे दाखवल्यावर त्याने तोंड वाकडे करून फाईलमध्ये मेट्रोचे पान घातले: निळी लाइन, मोनास्तिराकीला उतरा, हिरवी लाइन पकडा.

व्हिसा, विमान, इमिग्रेशन, सगळे सुरळीत. आगमनातून वर येऊन पूल ओलांडला की मेट्रो स्टेशन. तिकीट माणशी 9 युरो. (एक्स-96 बस साडेपाच युरोत थेट बंदराला नेते आणि रात्रभर चालते. मेट्रो बंद असेल तेव्हा तीच धरा. पण वाटेत ट्रॅफिक लागतो, आणि माझा स्वभाव सिग्नलला थांबण्याचा नाही.)

फलाटावर गाडी उभीच होती. मी पाटीवर पिरेयस शोधत होतो. ग्रीकमध्ये ते नाव आपल्या गणितातल्या 'पाय'ने सुरू होते, एवढे पाठ करून आलो होतो. पाटीवर मात्र पहिलेच अक्षर त्रिकोण. मग अक्षरे बदलून इंग्रजीत आले, दिमोतिको थिएत्रो. हे नाव फाईलमध्ये कुठेच नाही! बायको म्हणाली, "अहो, बसू या ना, निळीच आहे." मी म्हटले, "अगं, भलतीकडे नेईल." दरवाजे बंद झाले, गाडी गेली. पुढची साधारण 36 मिनिटांनी.

त्या 36 मिनिटांत आधी मी एजंटला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग भिंतीवरच्या नकाशासमोर जाऊन उभा राहिलो. निळी लाइन बोटाने पुढे पुढे नेली. मोनास्तिराकी मागे पडले. पार टोकाला दिमोतिको थिएत्रो, आणि त्याच्या अलीकडचे स्टेशन पिरेयस! ही लाइन ऑक्टोबर 2022 मध्येच बंदरापर्यंत वाढली. फाईलमधले पान त्याच्या आधीचे. गाडी बदलायचीच नव्हती. आणि बदलायची असती तरीही त्याच गाडीत बसायचे होते, कारण मोनास्तिराकी तिच्याच वाटेवर. हे मला सुचले नाही. बायकोला सुचले होते. ती काही बोलली नाही, फक्त बाकड्यावर ठेपल्यांचा डबा उघडला.

पुढच्या गाडीवरही तोच त्रिकोण. तासाभरात पिरेयसला पोहोचलो. तिकीट फेकू नका, बाहेर पडतानाही गेटला लावावे लागते. आणि वाटेतल्या सिन्तागमा, मोनास्तिराकी स्टेशनांवर गर्दी चढते तेव्हा पाकीट पुढच्या खिशात ठेवा. हे खरे तर आधीच सांगायला हवे होते.

बंदर म्हणजे एक धक्का नव्हे. ई-1 ते ई-12 अशी गेटे आहेत, आणि तिकिटावर नुसते 'पिरेयस' असेल तर बोट-कंपनीकडून गेट आदल्या दिवशीच विचारून घ्या. क्रीटच्या बोटी स्टेशनपासून लांब सुटतात. आमचे गेट ई-2 होते. आवारात फुकट बस फिरते, ती पकडली, नाहीतर दोन बॅगा ओढत दीडेक किलोमीटर चालावे लागले असते.

परतल्यावर फाईल घेऊन रावपुऱ्यात त्याच्या ऑफिसात गेलो. पान उघडून दाखवले. तो हसला, "पण पहोंच्या तो खरा ने, काका?" मी त्याच्याच टेबलावरचे पेन उचलून मोनास्तिराकी खोडले आणि बाजूला मोठा त्रिकोण काढला.