अब्दुल करीम खाँसाहेब ऐकायला लागलो, ते पण अ‍ॅपशी भांडून

सांगलीहून रोज बसनं मिरजेला नोकरीला जायचं म्हटल्यावर किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांचं नाव कानावर पडतंच. दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसाला तिथं गाणारे हजेरी लावायला येतात, आणि आमच्या ऑफिसातले एक काका तर भीमसेनजी लहानपणी 'पिया बिन नाही आवत चैन'ची रेकॉर्ड ऐकून येडे झाले होते हे अधूनमधून नव्यानं सांगतात. म्हटलं ऐकूया तरी. जुन्या रेकॉर्डींचं एक संकलन अ‍ॅपवर मिळालं, लावलं.

खरखर, त्यात बारीक टोकदार आवाज, आणि चौथ्या गाण्यापर्यंत सगळं एकसारखंच वाटायला लागलं. घरी लावलं तर आई म्हणाली, "कुणाचं रे हे, जरा बारीक कर की." काकांना विचारलं तर एकच उत्तर, "ऐकत रहा, लागेल गोडी." अहो पण कसं ऐकत राहू ते सांगा ना!

खरा वैताग दिला अ‍ॅपनं. फुकटवालं व्हर्जन, त्यामुळं ठुमरी कुठं मनात उतरतीय तोवर कर्जाची जाहिरात, ती पण दुप्पट आवाजात. बरं जाहिरात नाही आली तरी एक गाणं संपायच्या आत दुसरं हजर, मागचा सूर डोक्यात आहे आणि पुढचा राग सुरू. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद केलं, तर ते अल्बम संपल्यानंतरचं बंद होतं म्हणे, आतली गाणी आपली धडाधड चालूच. आता ह्या काय अल्बम म्हणून केलेल्या गोष्टी आहेत का? ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी, तिची एक बाजू म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं, मग माणूस उठणार, सुई उचलणार, तबकडी उलटी करणार. एलपी, म्हणजे बराच वेळ वाजणारी तबकडी, आली १९४८ ला, खाँसाहेब गेले १९३७ ला. अशी वीस गाणी ओळीनं ऐकायची हे त्यांच्या ध्यानीमनी पण नसणार.

शेवटी स्लीप टायमरमध्ये 'गाणं संपल्यावर थांबा' असा पर्याय सापडला. झोपायच्या टायमरमध्ये, आणि तो दरवेळी परत लावायचा! तरी लावला. बसमध्ये एक गाणं, मग विश्रामबाग येईपर्यंत काही नाही, मग तेच गाणं परत. तेव्हा कुठं कळायला लागलं की 'पिया' हा शब्द परत आला की दरवेळी वेगळ्या वाटेनं येतोय. आणि तो बारीक आवाज बारीक वाटायचाच बंद झाला राव, सूर लागला की खरखर खाली राहते आणि तो वर एकटा सरळ उभा.

हां, हे आधी सांगायला पाहिजे होतं, ब्लूटूथ स्पीकरचा बास बूस्ट बंद करा, ह्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढा बास नाहीच, नुसतं घुमतं. आणि खरखर पार पुसून काढलेली संकलनं नकोत, आवाजाची धार पण पुसली जाते. तेच गाणं दोन संकलनांत वेगळ्या पट्टीत वाटलं तर दचकू नका, तबकडी उतरवून घेताना स्पीड मागंपुढं झाला की तसं होतं.

काकांनी परवा विचारलं, कुठवर आलास? म्हटलं झिंझोटी आणि भैरवी, दोनच राग. "एवढ्या दिवसांत?" म्हणाले. त्यांना काय सांगणार, अजून भैरवीतल्या 'जमुना के तीर'मधनंच बाहेर पडलेलो नाही.