भानू बंदोपाध्याय मराठी सबटायटल्स: ‘शाडे चुआत्तर’ची पहिली फेरी

निर्मल डे यांच्या ‘शाडे चुआत्तर’ या बंगाली विनोदी सिनेमाच्या (१९५३) मराठी सबटायटल्सची पहिली फेरी झाली. टायमिंग बसलं, केदारची (भानूंच्या पात्राची) भाषा अजून बसलेली नाही.

आधी टायमिंग. मूळ फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, टीव्हीवरून आलेल्या प्रती बहुधा २५ च्या. म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि २४ वर बेतलेलं सबटायटल पन्नासाव्या मिनिटाला तब्बल २ मिनिटं मागे पडतं. नुसतं पुढेमागे सरकवून हे सुटत नाही, सगळ्या वेळांना ०.९६ ने गुणायचं. पहिला आणि शेवटचा संवाद तपासला की दोष कळतो: फरक वाढत गेला तर वेग चुकलाय, मध्येच उडी दिसली तर प्रतीत काहीतरी कापलंय. तशा वेळी फक्त त्या जागेपासून पुढचं सरकवावं.

आता खरी अडचण. भानू म्हणजे ढाक्याजवळच्या विक्रमपूरचे नट साम्यमय बंदोपाध्याय, जन्म २६ ऑगस्ट १९२०. १९४१ मध्ये कोलकात्यात आले, पण ढाक्याकडची बोली सोडली नाही. पुढे तीच त्यांची ओळख झाली. मेसमधला केदार ‘मासिमा, मालपोआ खामु’ (मावशी, मालपुवा खाईन) म्हणतो तेव्हा गंमत मालपुव्यात नाही, ‘खामु’त आहे. कोलकात्याचा माणूस ‘खाबो’ म्हणेल. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्यांनी भरलेल्या शहरात हा एक प्रत्यय पुरेसा होता. मालवणी ‘खातलंय’ घालून पाहिलं. वाचणारा थेट सिंधुदुर्गात पोचतो, कोलकाता गायब. म्हणून तूर्तास साधी बोलकी मराठी, आणि त्या एका जागी ‘खामु’ तसंच. मासिमाला मात्र ‘मावशी’च, ‘काकू’ नको.

सिनेमाच्या नावातही खाच आहे. जुन्या काळी पत्रावर ७४॥ लिहीत: दुसऱ्या कुणी फोडलं तर पाप लागेल अशी ती शपथ. सिनेमात चिठ्ठ्या भलत्याच हातात पडतात, म्हणून हे नाव. श्रेयनामावलीखाली ‘साडेचौऱ्याहत्तर’ एवढंच दिलं तर काहीच कळत नाही. ‘साडेचौऱ्याहत्तर (पत्र फोडू नये)’ बरं वाटतंय. टाइप करताना सुटा ‘ऱ’ वापरा. जोडअक्षरासाठी अदृश्य खूण घातली तर काही कन्व्हर्टर ती गाळतात आणि ‘चौर्याहत्तर’ उमटतं. ओळ ४० अक्षरांची धरलीत तरी सॉफ्टवेअरच्या मोजणीवर विसंबू नका: ते मात्रा आणि हलंतही मोजतं, ‘चौऱ्याहत्तर’ची ५ अक्षरं त्याला ११ दिसतात.

भानूंच्या सिनेमांची यादी करताना १९४७ च्या ‘जागरण’आधीची पडद्यावरची नोंद आढळली तर ती यांची नव्हे. नाव ‘बंदोपाध्याय’ आणि ‘बॅनर्जी’ दोन्हींनी शोधावं, नाहीतर निम्म्या नोंदी निसटतात.

पुढे ‘जमालये जीवंत मानुष’ (१९५८). मग ‘भानु गोयेंदा जहर असिस्टँट’ (१९७१). त्यातले सहकलाकार जहर रॉय यांचं बोलणं इतकं भरभर आहे की दोन ओळींत मावणं कठीण.