आमची वाटचाल: एडमंटनच्या थंडीत खिडक्यांचं काम

सांगलीला आमचं ॲल्युमिनियम सेक्शनचं वर्कशॉप होतं. स्लायडिंग खिडक्या, मच्छरजाळ्या, बाथरूमचे दरवाजे. वडिलांनी आयुष्यभर हेच केलं आणि मीही त्यातच तयार झालो. लग्नानंतर कॅनडातल्या एडमंटनला आलो आणि एका खिडक्या बसवणाऱ्या कंत्राटदाराकडे कामाला लागलो. हत्यारं ओळखीची होती, माल मात्र सगळा वेगळा. पीव्हीसीच्या तुलनेत ॲल्युमिनियममधून सुमारे हजारपट उष्णता वाहते. बाहेर उणे ३० असताना साध्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर घराच्या आतल्या बाजूने बर्फ धरतो. इथे चौकटी पीव्हीसीच्या, फायबरग्लासच्या, नाहीतर लाकडाच्या. मोठ्या आणि गडद रंगाच्या खिडकीला मी फायबरग्लास सुचवतो, कारण तापमान बदललं की ते जवळजवळ काचेइतकंच फुगतं-आकसतं. पीव्हीसी त्याहून बरंच जास्त.

काही वर्षांनी मी आणि माझ्या पत्नीने स्वतःची फर्म काढली. सुरुवात जुन्या घरांच्या खिडक्या बदलण्यापासून झाली. २०२१ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारची ग्रीनर होम्स अनुदान योजना आली. दर्जानुसार खिडकीमागे १२५ किंवा २५० डॉलर मिळायचे, त्यामुळे काम चांगलंच वाढलं. २०२४ मध्ये नवे अर्ज बंद झाले. तोवर आमचं मन मात्र नव्या घरांकडे वळलं होतं. जुन्या घरात भगदाड आधीच पाडलेलं असतं, त्यात बसेल ती खिडकी द्यायची. नव्या घराच्या नकाशावर ती अजून पेन्सिलची रेघ असते. हलवायला, लहान करायला, दुसऱ्या भिंतीवर न्यायला एक पैसा लागत नाही. खिडकीची खरी निवड त्या टेबलावर होते, शोरूममध्ये नाही, हे आमचं ठाम मत आहे आणि आज आमचा धंदा याच मतावर उभा आहे.

गिऱ्हाईक येतं ते बहुतेक एकच प्रश्न घेऊन: “दादा, ट्रिपल ग्लास घेतली की झालं ना?” इथल्या हवेत ट्रिपल घ्यावीच. तीन काचांमधल्या दोन पोकळ्यांत आर्गॉन वायू, काचांवर उष्णता परतवणारा, चांदीचा डोळ्यांना न दिसणारा लो-ई थर, आणि काचांच्या कडेला ॲल्युमिनियमऐवजी कमी उष्णता वाहणारी पट्टी, एवढं तर हवंच. पण तेवढ्याने निवड संपत नाही. एडमंटन ५३ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून १३ अंशच वर. ते तिरकं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून पार समोरच्या भिंतीपर्यंत पोचतं. ती फुकटची ऊब आहे, म्हणून दक्षिणेला ऊन आत घेणारी काच हवी. पश्चिमेचं उलट. जूनमध्ये रात्री दहापर्यंत ऊन असतं आणि तिकडची मोठी काच घराची भट्टी करते.

आपल्या लोकांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण पुष्कळ जण वास्तू बघून पूर्वाभिमुख प्लॉट निवडतात. इथल्या घरांची रचना अशी की दार रस्त्याकडे आणि हॉलच्या मोठ्या खिडक्या मागच्या अंगणाकडे. म्हणजे सगळी मोठी काच नेमकी पश्चिमेला. पूर्वेचं दार जरूर ठेवा. मागच्या काचेला मात्र उन्हाचा गुणांक (उन्हाच्या उष्णतेतला किती भाग आत येतो तो आकडा) ०.२५ ते ०.३० च्या आसपासचा घ्या, आणि बाजूला दक्षिणेची भिंत मोकळी असेल तर थोडी काच तिकडे न्या.

ऊर्जा वाचवणाऱ्या वस्तूंना मिळणारं एनर्जी स्टारचं लेबल असलं की झालं, असंही नाही. कॅनडात २०२० पासून नियम असा आहे की यू-मूल्य (खिडकीतून किती उष्णता बाहेर जाते तो आकडा) १.२२ किंवा त्याहून कमी, नाहीतर ईआर, म्हणजे एनर्जी रेटिंग, ३४ किंवा त्याहून जास्त, यातलं एक जमलं की लेबल मिळतं. ईआरमध्ये उन्हाचे गुण मिळवले जातात, गळतीचे वजा होतात, आणि ते सगळं दिशांची सरासरी धरून. म्हणजे एखादी खिडकी ऊन भरपूर घेते म्हणून पास होते, दुसरी उष्णता धरून ठेवते म्हणून. लेबल दोघींना तेच. पहिली पश्चिमेला बसवली तर उन्हाळ्यात त्रास ठरलेला. म्हणून यू-मूल्य आणि उन्हाचा गुणांक हे दोन्ही आकडे वेगळे मागा, आणि पूर्ण खिडकीचे मागा. फक्त काचेच्या मध्यभागाचा आकडा नेहमीच जास्त छान दिसतो.

काचा दिशेप्रमाणे वेगळ्या मागवल्या की घोळ व्हायची शक्यता असते, म्हणून बसवण्याआधी आम्ही प्रत्येक खिडकीपुढे लायटर धरतो. ट्रिपल काचेत ज्योतीची सहा प्रतिबिंबं एकामागे एक दिसतात. ज्या पृष्ठावर लो-ई थर असतो, त्याचं प्रतिबिंब जरा निराळ्या रंगाचं येतं. थर कितव्या पृष्ठावर आहे हे मोजून ऑर्डरच्या कागदाशी ताडून पाहायचं, मगच खिडकी उचलायची. घरमालकाला शेजारी उभं करून हे दाखवायला मला फार आवडतं. जे आपण विकत घेतोय ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

ओल हा आपल्या घरांचा दुसरा मोठा विषय. कुकरच्या शिट्ट्या, दिवसभर उकळणारा चहा, घरातच वाळत घातलेले कपडे. आत २१ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असली, तर ७ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. उणे ३० मध्ये जुन्या दुहेरी काचेची आतली बाजू साधारण ४ अंशांवर येते, चांगल्या ट्रिपलची १६ च्या आसपास राहते. काचेच्या कडा त्याहून थंड असतात, म्हणून पाणी आधी खालच्या कोपऱ्यात दिसतं. कडाक्याच्या थंडीत आर्द्रता ३० टक्क्यांवर आणा, शेगडीवरचा पंखा हवा घराबाहेर टाकणारा घ्या, आणि रात्री जाड पडदे अगदी खालपर्यंत ओढू नका. हीटरची हवा काचेला लागली पाहिजे. पहाटे कधीकधी काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसतं आणि घाबरून फोन येतात. त्यात बिघाड काही नसतो. आतली उष्णता बाहेर पोचत नाही, म्हणून बाहेरची काच थंड राहते.

बसवण्याचं काम आम्ही बाहेर देत नाही. चौकटीखालचा लाकडी उंबरा बाहेरच्या बाजूला उतरता हवा, त्यावर पाणी अडवणारा पडदा दोन्ही कोपऱ्यांत वर वळवलेला हवा, आणि फोम कमी फुगणारा, नाहीतर चौकट वाकते आणि झडप घासते. खालच्या कडेला बाहेरून सील करायचं नाही, शिरलेलं पाणी निघायला वाट ठेवायची. उघडणारी खिडकी शक्यतो बिजागरीची घ्या. बंद करताना ती रबरावर दाबून बसते. आमच्या सांगलीच्या स्लायडिंगला ते जमत नाही. तळघरात बेडरूम असेल तर आगीत बाहेर पडण्यासाठी कमीत कमी ०.३५ चौरस मीटर मोकळी उघडणारी जागा लागते, तेही नकाशावरच ठरवावं लागतं.

माझ्या पत्नीने ऊर्जा सल्लागाराचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हापासून फर्मला खरा आकार आला. ती घराचा नकाशा हॉट-२००० या सरकारी सॉफ्टवेअरमध्ये भरते आणि एकेका भिंतीवरची काच बदलून घर तापवायच्या वर्षाच्या गॅसमध्ये किती फरक पडतो ते दाखवते. बरेचदा उत्तर असं निघतं की उत्तरेची एक खिडकी कमी करा आणि त्या पैशात दक्षिणेची चांगली घ्या. आमची एक विक्री त्यात कमी होते, तरी आम्ही तेच सांगतो. कारण इथल्या घराच्या भिंतीपेक्षा १.२२ यू-मूल्याची खिडकीसुद्धा जवळपास पावणेचार पट उष्णता बाहेर सोडते.

बिल्डरने घराच्या लाकडी सांगाड्याला हात घालायच्या आधी या. नकाशा, उत्तर दिशेची खूण आणि शेजारच्या घराचं अंतर, एवढं सोबत आणा.