एका केसावरून कोळी ओळखायला शिकताना

कोळ्यांचे फोटो काढणाऱ्यांकडे ओळख न पटलेल्या बारक्या, काळपट कोळ्यांचा एक फोल्डर असतोच. माझ्याकडेही होता, आणि शेफील्डला राहायला आल्यावर तो भराभर फुगायला लागला. ब्रिटनमध्ये कोळ्यांच्या 650 हून अधिक प्रजाती आहेत आणि त्यातल्या सुमारे 40 टक्के एकट्या लिनिफिडी कुळातल्या. बहुतेकांची लांबी एक ते तीन मिलिमीटर. इथले लोक त्यांना मनी स्पायडर म्हणतात आणि अंगावर चढला तर पैसा येणार असं मानतात. माझ्या अंगावर आजवर पुष्कळ चढले, त्या मानाने आवक काही वाढलेली नाही.

इथे हौशी लोकांनी केलेल्या कोळ्यांच्या नोंदी देशपातळीवर गोळा होतात. कोणी, कुठे, कधी आणि कोणता कोळी पाहिला, एवढं कळवायचं. मोठ्या कोळ्यांच्या माझ्या नोंदी फोटोवर सहज मान्य झाल्या. लिनिफिडींच्या मात्र जवळजवळ सगळ्या एकाच शेऱ्यासह परत आल्या: फोटोवरून कुळापर्यंत जाता येईल, पुढे जायचं तर नमुना हवा. नमुना म्हणजे अल्कोहोलमध्ये ठेवलेला मेलेला कोळी. यावर मी बरेच दिवस अडून बसले होते. शेवटी स्वतःपुरता नियम केला, की जेवढे सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर पाहून होतील तेवढेच आणायचे आणि आणलेला एकही नोंदीविना टाकायचा नाही. हा नियम सगळ्यांना पटेल असं नाही. पण या कुळात मारल्याशिवाय नाव मिळत नाही, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकलेलं बरं.

जाळं शोधून कोळी धरायचा हा मार्ग दिसतो तितका उपयोगी नाही. यांचं जाळं चाकासारखं उभं नसतं. गवतात किंवा झुडपात आडवी चादर पसरलेली, तिच्या वर इकडेतिकडे ताणलेले धागे, आणि कोळी चादरीच्या खालच्या अंगाला उलटा लटकलेला. वरच्या धाग्यांना अडखळून किडा चादरीवर पडला, की खालून चावून त्याला आत ओढून घेतात. सप्टेंबरच्या दवात कुंपणाच्या झुडपांवर अशा चादरी पाहाव्यात, त्यातल्या बऱ्याच लिनिफिया ट्रायँग्युलॅरिसच्या. स्वीडनच्या कार्ल क्लर्कने 1757 मध्ये वर्णन केलेला हा कोळी या कुळात मोठाच म्हणायचा आणि सरावाने फोटोवरूनही ओळखता येतो. खरा गोंधळ आहे तो जमिनीलगत, शेवाळात आणि पाचोळ्यात राहणाऱ्या ठेंगण्या मंडळींचा.

त्यांच्यासाठी मी दोन गोष्टी वापरते. एक चाळण: पाचोळा किंवा शेवाळ पांढऱ्या ट्रेवर चाळायचं आणि पळणारे ठिपके तोंडाने ओढायच्या नळीत घ्यायचे. नळीत मध्ये जाळी असते, घाबरू नका. दुसरं म्हणजे बागेतली पानं उडवायचं यंत्र उलटं चालवून शोषायला लावायचं आणि त्याच्या तोंडाशी आत कापडी पिशवी बसवायची. रस्त्याने जाणारे लोक थांबून विचारतात, की गवताला व्हॅक्यूम क्लीनर कशासाठी? प्रयोगशाळेतले लोकही हेच जुगाड वापरतात हे कळल्यावर माझा संकोच गेला.

घरी आल्यावर पहिली गळती पिल्लांची. या कुळात प्रजाती ठरते ती जननेंद्रियांवरून, त्यामुळे कोळी पूर्ण वाढलेला नसेल तर बहुतेक वेळा काम तिथेच थांबतं. नराच्या तोंडाजवळचे दोन पाल्प टोकाला मुठीसारखे फुगलेले असतात आणि त्यात आकडे, पाती, गुंडाळ्या अशी गुंतागुंत असते. मादीच्या पोटाखाली एपिगाइन नावाची कडक तबकडी असते. हे सगळं अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. काचेच्या बशीत कोळी सारखा कलंडतो, म्हणून तळाशी हात धुवायचं पारदर्शक जेल घालून त्यात तो हव्या त्या कोनात रुतवायचा आणि वरून अल्कोहोल ओतायचं. मादीचा आतला भाग पाहायचा असला तर एपिगाइन सोडवून लवंगेच्या तेलात ठेवतात, म्हणजे ते पारदर्शक होतं. त्या संध्याकाळी घरभर दाढदुखीचा वास.

ओळखीच्या किल्ल्या, म्हणजे एकेका लक्षणावरून पुढची वाट दाखवत नावापर्यंत नेणारे तक्ते, मात्र जननेंद्रियांपासून सुरू होत नाहीत, त्या पायांपासून सुरू होतात. पायांच्या चारही जोड्यांच्या टिबिया या गुडघ्यापुढच्या भागावर वरच्या बाजूला किती काटे आहेत ते मोजायचं आणि 2-2-1-1 किंवा 1-1-1-1 असं सूत्र मांडायचं. काटा गळून पडला असेल तर त्याची खोबण शोधायची. मग येतो ट्रायकोबॉथ्रियम. हवेची हालचाल टिपणारा हा अतिशय बारीक, उभा केस. पहिल्या पायाच्या मेटाटार्ससवर, म्हणजे शेवटून दुसऱ्या भागावर, तो नेमका कुठे आहे हे मोजायचं आणि मेटाटार्ससच्या लांबीने भागायचं. उत्तर 0.4 आलं तर एका वाटेने जायचं, 0.8 आलं तर दुसऱ्या. चौथ्या पायावर तसा केस आहे की नाही, हाही एक फाटा. प्रकाश समोरून टाकला तर हा केस दिसत नाही. दिवा बाजूला, जवळजवळ आडवा धरला की तो चमकतो. ही एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर पुष्कळ संध्याकाळी वाचल्या असत्या.

सवय झाल्यावर काही चेहरे झटकन कळू लागतात. एरिगॉनी या जीनसमधल्या (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) नराच्या पाठकवचाच्या कडेला दातांची रांग असते आणि पाल्पच्या गुडघ्यातून एक मोठा दात बाहेर आलेला असतो. एरिगॉनी आत्रा आणि एरिगॉनी डेंटिपाल्पिस हे नर पाल्पवरून वेगळे करता येतात. त्यांच्या माद्या मात्र अजूनही मला तासन्‌तास बसवून ठेवतात. सगळ्यात गंमत डोक्यांची. वॉल्केनेरिया ॲक्युमिनाटाच्या नराचे डोळे डोक्यातून उभ्या निघालेल्या बारीक खांबावर असतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा नमुना खराब झालाय असं वाटून मी भिंगच पुसलं.

इडोथोरॅक्स गिबोससची गोष्ट तर वर्गीकरण करणाऱ्यांनी उशाशी ठेवावी अशी. त्याचे नर दोन प्रकारचे. एकाच्या पाठीवर मोठं कुबड आणि पुढे केसाळ खाच, दुसरा जवळजवळ सपाट. बराच काळ या दोन वेगळ्या प्रजाती मानल्या जात. प्रत्यक्षात एकाच प्रजातीचे हे दोन अवतार. मीलनाच्या वेळी मादी कुबडवाल्याच्या खाचेतला स्राव चाखते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात कळलं, की कुबडवाल्या नरांमध्ये जनुकांचा एक अखंड गट जास्तीचा असतो. म्हणजे शरीरात एवढा उघड फरक असून प्रजाती एक, आणि दुसरीकडे हुबेहूब दिसणाऱ्या दोन माद्या वेगवेगळ्या प्रजातींच्या.

वरच्या पातळीवरही सगळं पक्कं नाही. जगात लिनिफिडींच्या 4,800 हून अधिक प्रजाती आणि 600 हून अधिक जीनस मोजले गेलेत; प्रजातींच्या संख्येत उड्या मारणाऱ्या कोळ्यांनंतर याच कुळाचा नंबर. जॉन ब्लॅकवॉलने 1859 मध्ये हे कुळ मांडलं. एका जीनसमध्ये एकच प्रजाती, असे कितीतरी जीनस यात आहेत. आणि लेप्थिफँटीससारखा जीनस अनेक दशकं अडगळीची खोली झाला होता. 1996 मध्ये सारिस्टो आणि तानासेविच यांनी त्याचे तुकडे केले, तेव्हा इथला सर्वत्र दिसणारा कोळी टेन्युइफँटीस टेन्युइस झाला. डीएनएच्या आधारे काढलेल्या वंशवृक्षांत काही जुनी उपकुळं एकसंध राहत नाहीत. त्यामुळे मी बाटलीतल्या चिठ्ठीवर नावासोबत कोणत्या वर्षाच्या यादीप्रमाणे ते लिहिलं, हेही लिहिते. ही सवय नवशिक्यांनी जरूर लावून घ्यावी.

माझे सुरुवातीचे नमुने आमच्या भागातल्या एका अनुभवी बाईंनी तपासले. त्यांनी बऱ्याच नावांवर होकार दिला, पण त्यांचा एक आग्रह माझ्या डोक्यात बसला: शंका असेल तिथे जीनसपर्यंतच लिही. ‘एरिगॉनी मादी’ ही नोंद त्यांना चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी जास्त मोलाची वाटते. हे कोळी धाग्यावर तरंगत शेकडो मैल जातात. डार्विनने 1832 मध्ये किनाऱ्यापासून सुमारे 60 मैलांवर बीगल जहाजाच्या दोरखंडांवर बारक्या कोळ्यांचे थवे उतरलेले पाहिले होते. 2018 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी एरिगॉनीवरच प्रयोग करून दाखवलं, की केवळ विद्युत क्षेत्र जाणवलं तरी ते उडायच्या पवित्र्यात उभे राहतात. इतके फिरस्ते प्राणी कुठेही सापडू शकतात. तेव्हा ‘हा इथे असायचा नाही’ या भरवशावर नाव ठरवता येत नाही, पाल्प पाहावाच लागतो.

आता चिपळूणजवळ शेती करणारा माझा चुलतभाऊ भाताच्या चुडांच्या बुडाशी दिसणाऱ्या बारक्या कोळ्यांचे फोटो पाठवतो आणि हे तुझ्याच कुळातले असावेत म्हणतो. आशियातल्या भातशेतीत तुडतुडे खाणारा अटिपेना हा याच कुळातला, त्यामुळे त्याचा अंदाज चुकीचा नसावा. पण मी त्याला ‘लिनिफिडी असू शकेल’ यापलीकडे काही सांगत नाही. नमुने पोस्टाने पाठवू का, असं त्याने विचारलं तेव्हा नको म्हणाले. 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे परदेशात, माझ्यासारख्या अनिवासी व्यक्तीकडेसुद्धा, असे नमुने परवानगीशिवाय पाठवता येत नाहीत. सध्या त्याला एवढंच करायला सांगितलंय: पूर्ण वाढलेले नर निवडायचे, 70 टक्के अल्कोहोलच्या बाटलीत गाव, शेत आणि तारखेची पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत टाकायची, आणि जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात चांगला सूक्ष्मदर्शक आहे का ते विचारायचं. दिवा आडवा धरायचंही सांगून ठेवलंय.